ताराक्का मागं लागतात

"सुनील, मी काल तिघांच्या मागं लागले," ताराक्का आमच्या पायरीशी उभ्या राहून म्हणाल्या.

सकाळची वेळ होती. समोरच्या वहिनी दारात रांगोळी घालत होत्या, शेजारचे निवृत्त मास्तर स्कूटर पुसत होते. दोघांनीही ऐकलं, कारण ताराक्कांना हळू बोलता येत नाही. "एक बोटीवर आचारी हाय. एक म्हातारा हाय नागपूरकडचा, बिनलग्नाचा. आन् एक बाई हाय, पर ती परदेशात ऱ्हाती."

वहिनींच्या चिमटीतली रांगोळी एकाच ठिपक्यावर पडत राहिली. मास्तरांनी स्कूटरचा आरसा पुसता पुसता त्यातच आमच्याकडे पाहून घेतलं. सत्तरीला आलेल्या, नवऱ्यामागं एकटीनं संसार रेटलेल्या ताराक्का आता कुणाच्या मागं लागतील, असं आमच्या रहिमतपुरात कुणाच्या मनातही आलं नसतं.

दोष शब्दाचा होता. फोनवर छोट्या छोट्या ओळी लिहायचं ते ॲप मीच त्यांना घालून दिलं होतं, आणि फॉलो करणं म्हणजे काय, असं त्यांनी विचारल्यावर "एखाद्याच्या मागं राहायचं, तो काय लिहितो ते बघत," असं सांगितलं होतं. ताराक्कांनी ते अर्धंच उचललं.

ताराक्कांची पिठाची गिरणी होती. होती म्हणजे अजून आहे, पण चालत नाही. लोक पिशवीतलं पीठ आणू लागले, ज्यांना ते चालत नाही त्यांनी घरघंट्या घेतल्या. पट्टा उतरवून ठेवला तरी ताराक्का रोज दुपारी शटर वर करतात आणि आत पोत्यावर बसतात. ऐन भरात ही गिरणी चालायची तेव्हा तिच्या घरघरीत कुणाचं बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे ताराक्कांना दोन सवयी लागल्या. एक, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं. गल्लीत त्यांच्या नजरेच्या टप्प्यात कुजबुजायची सोय नाही. दुसरी, जे बोलायचं ते मोठ्यानं आणि चार शब्दांत. कुणी पाल्हाळ लावला की त्या हात वर करतात. "लांबड नको. काय ते टाक."

आणि सगळ्या जगाला त्यांचा एकच प्रश्न असतो. "जाड का बारीक?" दळण आणणाऱ्याला आयुष्यभर हेच विचारलं, ते जिभेवर बसलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "स्वभाव जाड का बारीक?" "बारीक असंल," त्याच म्हणाल्या. "तुजं जाड हाय. जमंल."

माणसाला एका ओळीत उरकणाऱ्या या बाईला ओळींचं ॲप आवडणार, हे मला त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं जुना फोन आणून दिला त्याच दिवशी वाटलं. मी कराडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. लोकांच्या हातात त्यांना आवडेल ते वाचायला द्यायचं, ही माझी रोजचीच हौस. एका रविवारी गिरणीत बसून मी त्यांचं खातं उघडलं. तुम्हाला कशात रस आहे, असं ॲपनं विचारलं. क्रिकेट, सिनेमा, राजकारण, पाककृती, प्रवास.

"ह्यात पीठ न्हाई," ताराक्का म्हणाल्या.

"पाककृतीत येतंय की, आक्का."

"ते शिजवल्यावर. त्याच्या आदी काय हाय का?"

शेवटी काहीच न निवडता पुढं गेलो. मग ॲपनं आपणहून माणसं सुचवली. एक नट, एक खेळाडू, एक पुढारी. चार दिवसांनी बघतो, तर तिघांनाही ताराक्कांनी सोडलं होतं. नट रोज स्वतःचाच फोटो टाकतो, त्याच्या घरी आरसा नाही का, हे पहिल्याबद्दल. खेळाडू फक्त कंपन्यांचं साबण-तेल विकतो. आणि पुढाऱ्याबद्दल म्हणाल्या, "त्यो रोज कुनाला ना कुनाला शुभेच्छा देतो. ओळख ना पाळख. दळण न्हाई, निस्ता पट्टा फिरतोय."

मला वाटलं, कंटाळल्या. पण त्यांनी आपली वाट शोधून काढली होती. शोधायच्या चौकोनात त्या मनात येईल तो शब्द टाकायच्या. ढग. चिमणी. ताक. सावली. आणि त्या दिवशी जगात तो शब्द कुणी कुणी उच्चारला, ते बघत बसायच्या. असा त्यांना बोटीवरचा आचारी सापडला. तो भाजी चिरून झाली की डेकवर येऊन समुद्राचा रंग लिहायचा. "आज पाणी हिरवं. काल शाईसारखं होतं." नागपूरकडचे आजोबा खिडकीतल्या चिमणीच्या घरट्याची खबर द्यायचे. आणि फिनलंडमधली एक बाई रोज घरामागच्या तळ्यावर जाऊन बर्फ किती जाड झाला ते मोजून लिहायची. खालचं बटण दाबलं की ते मराठीत यायचं. तिच्यावर ताराक्कांचा विशेष जीव जडला. "येवड्या लांब एक बाई हाय," त्यांनी मला सांगितलं, "आन् ती बी जाड का बारीक तेच बगती."

दुपारी कधी सुट्टी असली की मी गिरणीत डोकावायचो. आत सगळं अजून पांढरं होतं. वाशांवर, तारांवर, बंद मोटारीच्या पाठीवर जुन्या पिठाचा पातळ थर बसलेला. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि तिच्यात ते पीठ उगाचच तरंगत राहायचं. ताराक्का पोत्यावर मांडी घालून, फोन नाकाशी धरून, ओठ हलवत वाचायच्या. बाहेर शुकशुकाट पडलेला. मध्येच त्या मान वर न करता म्हणायच्या, "बोट लंकेला पोचली." किंवा, "पिल्लू फुटलं अंड्यातनं." मी म्हणायचो, बरं झालं. आणि खरंच मला बरं वाटायचं. त्या एवढ्याशा खोलीत बसून माझ्या डोळ्यांसमोर कुठला तरी समुद्र हलायला लागायचा.

एकदा मी त्यांना म्हटलं, "आक्का, तुम्ही माणसं निवडता कशी? तो आचारी बरा आहे, पण समुद्रावर याच्यापेक्षा झकास लिहिणारे आहेत. हजारो लोक वाचतात त्यांना. दाखवू का?"

"मग मी कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांनी आचाऱ्याचं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि नावाखालच्या बारक्या आकड्यावर बोट ठेवलं. "मी आले तवा हितं पूज्य हुतं."

मी एकेक करून त्यांची सगळी माणसं पाहिली. ताराक्का यायच्या आधी त्यातल्या कुणाच्याही मागं कोणी नव्हतं. आवडीचा शब्द शोधायचा, तो लिहिणारा सापडला की आधी आकडा बघायचा, आणि पूज्य असेल तरच मागं जायचं, अशी त्यांची रीत होती.

"एकटंच बोलतंय बिचारं," त्या म्हणाल्या. "कुनीतरी व्हय म्हनाया नको?"

त्यांना हवालदार सापडले ते असेच, दिवाळीनंतर. त्या दिवशी ताराक्कांनी शोधायला 'झाड' हा शब्द टाकला होता. एक ओळ आली. "आज दुःख दाट आहे. झाड दिसत नाही." खाली एका पटांगणाचा फोटो, दूरवर चिंचेच्या झाडाचा पुसट आकार, बाकी सगळं पांढरं. लिहिणाऱ्याचं नाव नुसतं 'हवालदार', आणि मागं कोणी नाही.

ताराक्का तो फोन घेऊन आमच्या घरी आल्या. जेवत होतो, तर ताटाशेजारीच ठेवला. "हे बग. लय बारीक दळतोय."

मी वाचलं, फोटो पाहिला आणि मला उलगडा झाला. "आक्का, हे दुःख नाही, धुकं आहे. माणूस फोनशी बोलतोय आणि फोन लिहून घेतोय. त्यानं धुकं म्हटलं, मशिननं दुःख लिहिलं."

त्यांनी फोटो पुन्हा नाकाशी धरला. "असंल," म्हणाल्या. "पर मशिनला ऐकू काय आलं, ते बी बगाय पायजे."

हवालदार रोज सकाळी एक ओळ टाकायचे. "दुःख हटलं. झाड आहे." दुसऱ्या दिवशी, "हलकं दुःख. झाड अर्धं." एखाद्या चौकीवरून वर कळवल्यासारखं, नेमकं. सकाळी उठलं की ताराक्का आधी झाड बघायच्या आणि मग चूल, म्हणजे गॅस. हळूहळू आमच्या घरातही विचारलं जाऊ लागलं, आज झाड आहे का? माझ्या बायकोला तर वाटायचं, झाड असलं की दिवस बरा जातो.

पौष गेला, माघ गेला. झाड दिसेनासं झालं. रोज एकच ओळ, "दुःख दाट. झाड नाही." शिमगा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ताराक्कांनी मला गिरणीत बोलावून घेतलं.

"शिमग्यानंतर आपल्याकडं कवा धुकं पडलंय?"

"नसेल पडत."

"मग हा काय बगतोय?" त्यांनी त्या दिवसाचा फोटो मोठा करून दाखवला. पटांगणात लख्ख ऊन. चिंचेची पानन् पान दिसत होती, खाली तिची काळीभोर सावली. आणि वर लिहिलेलं, झाड नाही. त्यांनी आधीचा फोटो काढला, त्याच्या आधीचा काढला. सगळीकडे ऊन, सगळीकडे झाड.

मला आधी हसू आलं. ताराक्का हसल्या नाहीत. "झाड हाय तितंच हाय, सुनील. मानसाचं डोळं चाललंत."

त्यांनी मला उत्तर लिहायला लावलं. डोळे दाखवून घ्या, फोटोत झाड आहे. पण बोलून लिहिणाऱ्या माणसाला आलेलं वाचता कुठून येणार? दुसऱ्या दिवशीही झाड नाही. तिसऱ्या दिवशी ताराक्कांनी एका जुन्या फोटोच्या कोपऱ्यातली पाण्याची टाकी दाखवली. टाकीवर गावाचं नाव रंगवलेलं होतं. पलूसच्या पलीकडचं एक लहानसं गाव.

"रविवारी गाडी काढ," त्या म्हणाल्या. त्यांच्या वाक्यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

कराड, ताकारी करत आम्ही पलूसला पोचलो आणि तिथून विचारत त्या गावात. रस्ताभर दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, आणि ताराक्का खिडकीला नाक लावून बसलेल्या. गावात टाकीखाली चहाची टपरी होती. ताराक्कांनी उतरल्या उतरल्या टपरीवाल्याला विचारलं, "एक मानूस पायजे. रोज सकाळी झाड बगतो."

"झाड काय, सगळीच बगत्यात," टपरीवाला म्हणाला.

"ह्याला दिसत न्हाई."

"मग हवालदार," तो लगेच म्हणाला. "शब्बीर मुलाणी. परवा माझ्या मोटरसायकलीला रामराम घातला त्यांनी. आमी म्हनलं, चाचा, डोळं दाखवा. तर म्हनत्यात, यंदा धुकं लय हाय. फौजी मानूस, कोन वाद घालनार? तुमी कोन त्यांच्या?"

"मी त्यांच्या मागं हाय," ताराक्का म्हणाल्या. "दिवाळीपासनं."

टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं सांगितलं.

हवालदारांचं घर पटांगणाच्या कडेला. दारात खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेला उंच माणूस, पांढरी दाढी नीट कातरलेली, पायात पॉलिश केलेले बूट. समोर पटांगणापलीकडे ते चिंचेचं झाड. इतके महिने फोनमध्ये पाहिलेलं झाड असं समोर उभं राहिल्यावर मला क्षणभर स्वप्नात शिरल्यासारखं झालं. वाऱ्यानं ते हललं तेव्हा तर दचकलोच. फोटोत ते कधी हललं नव्हतं.

"कोन हाय?" हवालदारांनी विचारलं.

"मी तारा. रहिमतपूरची. तुमचं झाड बगते रोज."

हवालदार खुर्चीतून उठून उभे राहिले, वरचा अधिकारी पाहणीला आल्यासारखे. "आमचा रिपोर्ट तुमी बगता?"

"रोज."

त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. भिंतीला हात लावत आत जाऊन पाणी आणलं, आणि तांब्या माझ्या हातापासून वीतभर अलीकडे धरला. मग सांगितलं. मुलगी बेंगळूरला असते. तिनं फोन घालून दिला आणि म्हणाली, अब्बा, रोज सकाळी एक ओळ बोलत जा, मला कळेल तुमी ठीक हायसा. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. "ती रविवारी फोन करती. पर सकाळचा रिपोर्ट सकाळीच गेला पायजे." मग जरा थांबून विचारलं, "आमच्या मागं किती जनं हायती वो?"

मला माहीत होतं. मुलगी कधीच ते ॲप सोडून दुसरीकडे गेली असावी. आकडा एक होता, आणि तो एक माझ्याशेजारी सतरंजीवर बसला होता.

"हायती की," ताराक्का म्हणाल्या. "पुरेशी हायती."

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "हवालदार, धुकं न्हाई. फोटूत झाड सोच्छ हाय. डोळं हायती तुमचं."

हवालदारांनी तोंड झाडाकडे केलं. बूट जुळवून बसले होते, तसेच बसून राहिले. "ठाव हाय आमाला," शेवटी हळूच म्हणाले. "पर डोळं गेलं आसं वर कळवलं तर पोरगी न्यायला येनार. तितं बाराव्या मजल्यावर ऱ्हाती. हे घर बंद हुनार. धुकं हाय म्हनलं तर कोन न्यायला येत न्हाई."

मी ताराक्कांकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या समजूत घालतील. त्यांनी आयुष्यात कुणाची समजूत घातलेली मी पाहिली नव्हती.

"आंदळं झालासा तर न्हेलच की ती," त्या म्हणाल्या. "दिसाय लागलं तर कशाला न्हेल? मोतीबिंदू असंल. काढून टाका आन् ऱ्हावा हितंच."

हवालदारांनी मान त्यांच्या आवाजाच्या दिशेनं वळवली. एवढ्या महिन्यांत हा सरळ हिशेब त्यांच्या मनाला शिवला नसावा. भीतीनं माणूस तिथपर्यंत जातच नाही. "असं म्हनता," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, "असं म्हनता."

मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत. सांगलीला ऑपरेशन झालं. मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती त्याच आठवड्यात आली. आपण ते ॲप कधीच बंद केलं आणि अब्बा अजून त्यात बोलतात, हे तिला माझ्या फोनवरच कळलं होतं. पंधरा दिवस राहिली, आणि जाताना घराला कुलूप न लावता गेली.

वैशाखात आम्ही पुन्हा गेलो. हवालदारांनी चष्मा चढवून ताराक्कांना नीट न्याहाळलं. "तुमी अशा दिसता व्हय? आवाजावरनं आमाला वाटलं, लय धिप्पाड बाई असनार." ताराक्का जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा लाजताना पाहिलं.

चहा झाला, चिंचेखाली जाऊन आलो. निघताना हवालदारांनी विचारलं, "मी तुमचं पान उघडून बगितलं. कोरंच हाय. तुमी काय लिवत न्हाई?"

"मी निस्ती वाचते."

"का?"

ताराक्का चपला शोधू लागल्या. चपला समोरच होत्या. "मी लिवलं," त्या म्हणाल्या, "आन् कुनीच न्हाई आलं तर?"

त्या हे इतक्या हळू बोलल्या की मी चमकलो. गल्लीतल्या कुणालाही हा आवाज ठाऊक नाही.

"येनार की," हवालदार म्हणाले. एवढंच. आणि दारातून हात केला.

परतताना ताराक्का फोन उघडून आपलं कोरं पान बघत होत्या. कराडला म्हणाल्या, जरा संगमावर थांबू. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो. कृष्णा एकीकडून, कोयना दुसरीकडून, आणि मधल्या पाण्यावर उतरत्या उन्हाचा तांबूस पट्टा. मुलं लांब वाळूत खेळत होती, पण त्यांचा आवाज इथवर पोचत नव्हता.

"लिवायचं कुटं, दाखीव," ताराक्का म्हणाल्या.

मी जागा दाखवली आणि पाण्याकडे तोंड करून बसलो. त्या बोटानं एकेक अक्षर दाबत होत्या. थांबत होत्या, पुसत होत्या, पुन्हा दाबत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन मांडीवर पालथा घातला आणि त्यावर पदर ओढला. काय लिहिलं, मी विचारलं नाही.

ऊन पाण्यावरून हळूहळू सरकत होतं. आम्ही दोघं ते बघत होतो. मग पदराखाली फोन एकदा बारीक वाजला.

ताराक्कांनी तो उचलला नाही. नुसता पदरावरून त्यावर तळहात ठेवला.

मी म्हटलं, "बघा की, आक्का."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "जरा आसंच बसू."